चौदा कुंड्यांची साक्ष

जरा डोळे मिटा पाहू. समजा, तुम्ही दोन महिने रोज संध्याकाळी झारीने पाणी घालून टोमॅटोची आठ रोपं वाढवली आहेत. त्यांना काठ्यांचा आधार दिला आहे, बगलेतले फुटवे खुडले आहेत, गोगलगाई वेचून टाकल्या आहेत. आणि जानेवारीतल्या एका सकाळी तुम्ही वस्तीच्या सामायिक बागेतल्या तुमच्या वाफ्याकडे जाता तर काय! सगळी पानं मुठीसारखी आवळलेली, आणि शेंडे पिळून ठेवलेल्या फडक्यासारखे वळलेले! उघडा आता डोळे. काय कराल तुम्ही?

बारा वर्षांची हेटी आधी मटकन वाफ्याच्या कडेला बसली. मग तिने एक वाकडं पान खुडलं, वहीत दाबून ठेवलं आणि धाकट्या भावाला हाक मारली.

"आल्फी! पळत जा आणि असं कोणाकोणाच्या वाफ्यात झालंय ते मोजून ये."

"मीच का?"

"कारण तुला पळायला आवडतं."

"पण मोजायला नाही आवडत!"

"मग टेविटाला घेऊन जा. तू पळ, तो मोजेल."

टेविटा त्यांच्या शेजारच्या घरातला. वय तेरा, पण उंची अशी, की बागेच्या अवजारांच्या खोलीत शिरताना त्याला मान वाकवावी लागे. त्याचे आईबाबा टोंगा बेटावरून मेलबर्नला आले होते आणि बागेतला सातवा वाफा त्यांचा होता. जानेवारी म्हणजे तिथे ऐन उन्हाळा, आणि शाळेला सहा आठवड्यांची सुट्टी असल्यामुळे तिघंही सकाळपासून इथेच पडीक असत.

दहा मिनिटांत दोघं परत आले. आल्फी धापा टाकत होता.

"एकतीसपैकी बावीस!" टेविटा म्हणाला. "टोमॅटो, घेवडा, मिरची, बटाटा, सगळं वाकडं! आमच्या वाफ्यात तर शेवग्यासारखी पानं आलीत टोमॅटोला. पण गंमत सांगू? मका एकदम झकास. सगळ्यांचा."

"आणि बार्बाचे टोमॅटो?" हेटीने विचारलं.

टेविटाने खांदे उडवले. "लालेलाल. पानं सरळ. एकसुद्धा डाग नाही."

हेटीने ते वहीत लिहून घेतलं. लिहिताना तिला बरं वाटलं नाही.

बार्बा मानोली हे बागेतले सगळ्यांत जुने गृहस्थ. ग्रीक लोक वयस्कर काकांना 'बार्बा' म्हणतात. बागेत चिनी, टोंगन, इटालियन सगळेच त्यांना बार्बा म्हणत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं काम केलं, आणि निवृत्त झाल्यावर ओढ्याच्या उतारावरच्या ह्या बागेत खताचे सहा कप्पे बांधले. जुन्या जाड फळ्यांचे, पुढून उघडे. आसपासच्या शंभरेक घरांतून भाज्यांची देठं, फळांच्या साली, अंड्यांची टरफलं येत. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातून चोथा येई. पानगळीच्या दिवसांत रस्त्यावरचा पालापाचोळा येई. बार्बा त्याचे थर लावत. एक थर ओला, एक कोरडा. एक लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवत आणि रोज सकाळी ती ओढून हाताला लावून बघत. गरम लागली की ढीग कामाला लागलाय, आणि थंड लागली की त्याला उलटायचं किंवा पाणी पाजायचं. हेटीला सळई कशी बघायची हे त्यांनीच शिकवलं होतं, ती सहा वर्षांची असताना.

आणि आता सगळ्यांच्या वाफ्यांत ज्या एका गोष्टीचा संबंध होता ती म्हणजे बार्बांचं खत.

तिघं पाण्याच्या टाकीमागे सावलीत बसले होते तेव्हा पलीकडून आवाज आले. एक आवाज ग्लेनचा. ग्लेन कमिटीत होता, आवाज दणदणीत, आणि बागेचं कुठलंही जड काम निघालं की आपला ट्रेलर घेऊन हजर.

"मी सांगतो ना लोरेन, खतानंच घात केलाय! माशांची डोकी काय, न्हाव्याकडचे केस काय, म्हातारा वाट्टेल ते कोंबतो त्यात. आणि स्वतःचे टोमॅटो बघा! चांगलं खत ठेवलं घरच्याला, सडकं वाटलं गावाला!"

"असं नको बोलूस ग्लेन." लोरेन बागेच्या अध्यक्ष होत्या. त्यांना भांडणं आवडत नसत आणि पसारा तर मुळीच आवडत नसे. "पण काहीतरी करायला हवंच. सभेत ठेवते मी विषय."

दुपारी फलकावर कागद लागला. तीन आठवड्यांनी, रविवारी, सभा. विषय एकच. खताचे सहाही कप्पे रिकामे करून उचलून न्यायला गाडी बोलवायची, आणि त्या जागेवर फरशी घालायची.

"फरशी!" आल्फी ओरडला. "फरशीत काय पिकतं?"

"खुर्च्या," टेविटा म्हणाला.

हेटी हसली नाही. ती उतारावरून खाली कप्प्यांकडे गेली. बार्बा आपली घडीची खुर्ची बांधत होते. चहाची किटली, पेला, जुनी टोपी, सगळं एका पिशवीत भरून झालं होतं.

"बार्बा, कुठे निघालात?"

"घरी. तिथेही खुर्ची टेकायला जागा आहे."

"पण सभा अजून व्हायचीय!"

"सभेत काय होणार ते मला आत्ता दिसतंय, पोरी." त्यांनी सळई ढिगातून ओढली, सवयीने हात लावून बघितला, आणि पिशवीशेजारी ठेवली. "गेल्या वर्षीच्या टोमॅटोची वाळलेली झाडं मीच टाकली होती ह्या सहाही कप्प्यांत. सगळे म्हणतात टाकू नये, रोग राहतो. मी म्हटलं, ढीग गरम आहे, जळेल रोग. नसेल जळला. माझीच चूक असेल."

"असेल, की आहे?"

बार्बांनी तिच्याकडे बघितलं. "म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला नक्की माहीत आहे का?"

"नाही."

"मग तुमचे टोमॅटो चांगले कसे?"

"मी कप डेला थांबत नाही, म्हणून!" ह्या एका विषयावर बार्बांचा आवाज अजून चढत असे. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांची मोठी शर्यत असते, शहराला सुट्टी असते, आणि त्याच दिवशी टोमॅटो लावायचे असं मेलबर्नमध्ये सगळ्यांनी जणू ठरवून टाकलेलं आहे. "घोडे पळायचे आणि मग मी रोपं लावायची? मी ऑक्टोबरातच लावली. पहिल्या कप्प्यातलं खत होतं. बाकीच्यांनी कप डेच्या आधीच्या शनिवारी येऊन आपापलं भरून नेलं. कोणी कुठून नेलं देव जाणे. माझा गुडघा दुखत होता, मी बसून होतो."

हेटीने खाली बघितलं. सहा कप्पे, सहा ढीग. कोणी कुठून नेलं ते कोणालाच माहीत नव्हतं.

"माणसांना आठवत नसेल तर झाडांना विचारू या," टेविटा मागून म्हणाला. "तिसरीत बाईंनी कापसावर घेवडा लावायला लावला होता, आठवतंय? आठ दिवसांत हातभर झाला होता. प्रत्येक कप्प्यातलं खत घ्यायचं, घेवडा लावायचा, आणि बघत बसायचं!"

"प्रत्येकाच्या दोन दोन कुंड्या," हेटी म्हणाली. तिची वही उघडली गेली होती. "एक मेली तर दुसरी असावी. सहा कप्प्यांच्या बारा. आणि दोन नुसत्या दुकानातल्या मातीच्या."

"त्या कशाला?" आल्फीने विचारलं.

"त्यातही पानं वाकडी आली, तर बी खराब आहे असं कळेल. आणि मग खतावर आळ घ्यायचं कारण नाही."

बार्बांनी टोपी पिशवीतून काढून डोक्यावर घातली. मग खुर्चीची दोरी सोडली, खुर्ची पुन्हा उघडली आणि त्यात बसले. "नुसतं खत नको," ते म्हणाले. "फार जोरकस होतं. निम्मी माती घाला. आणि खत ढिगाच्या बुडातून काढा, चाळून."

बुधवारी चौदा कुंड्या अवजारांच्या खोलीमागे ओळीने मांडल्या गेल्या. प्रत्येकीत चार बिया, आणि आईस्क्रीमची काडी खोचून तिच्यावर कप्प्याचा आकडा. काड्या जमवण्यासाठी आल्फीने दोन दिवसांत सात आईस्क्रीम खाल्ली आणि आपण बागेसाठी कष्ट केले असं घरी सांगितलं.

पुढचा मंगळवार उजाडला तोच भट्टीसारखा. दुपारी पारा बेचाळिसावर जाणार असं रेडिओवर सांगत होते. उत्तरेकडून वारा असा येत होता, की कोणीतरी ओव्हनचं दार उघडं ठेवलं असावं. कुंड्यांतून वर आलेले कोंब माना टाकायला लागले होते.

"आमच्या धुण्याच्या खोलीत नेऊ!" टेविटा म्हणाला. "तिथे गार असतं."

हातगाडी आणली. कुंड्या भराभर गाडीत गेल्या. आल्फीने मदत म्हणून आधी सगळ्या काड्या उपटल्या, "वाऱ्याने उडतील ना!" असं म्हणत, आणि त्यांची एक छान जुडी बांधून खिशात ठेवली.

टेविटाच्या घरी पोचल्यावर त्याने अभिमानाने जुडी काढली. "ह्या घ्या. एकही हरवली नाही!"

हेटी जुडीकडे बघत राहिली. टेविटाने कपाळावर हात मारून घेतला.

"आल्फी, कुठली काडी कुठल्या कुंडीची?"

आल्फीने कुंड्यांकडे बघितलं. काड्यांकडे बघितलं. त्याचा खालचा ओठ बाहेर आला.

"अगं, थोडंफार आठवतं मला," टेविटा घाईने म्हणाला. "ही चेपलेली तिसऱ्याची असणार. ही बहुतेक पाचव्याची. अंदाजाने लावू."

"नको."

"सभा बारा दिवसांवर आलीय, हेटी!"

"माहितीय. पण सभेत ग्लेननं विचारलं, की तुम्हाला नक्की माहीत आहे का, तर काय सांगायचं? चेपलेली तिसऱ्याची असणार? बार्बांवर पण असंच 'असणार, असणार' करून आळ घेतलाय सगळ्यांनी." तिने कुंड्या एकेक करून उलट्या करायला सुरुवात केली. "पुन्हा लावायचं. आजच. उरलेल्या बिया दोन तास भिजवून लावू, लवकर येतील."

आल्फीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. हेटीने त्याच्या हातात रंगाचा डबा आणि कुंचला दिला. "आकडे तू काढायचे. कुंडीवरच. मोठे."

त्याने इतके मोठे काढले, की सहाचा आकडा कुंडीला वळसा घालून मागे गेला. त्याच दुपारी पुन्हा सगळी माती चाळून झाली. तिघंही घामाने आणि खताने माखले होते, तेव्हा टेविटाच्या आईने त्यांना दारातच थोपवून नळीने धुऊन काढलं.

रविवारी कोंब आले. सोमवारी सगळे सारखे. मंगळवारी सगळे सारखे. बुधवारी टेविटा म्हणाला, "हे सगळे इतके गुणी निघाले तर आपली पंचाईतच आहे." गुरुवारी हेटीने शंभरदा खोलीत डोकावून पाहिलं.

शुक्रवारी सकाळी ती आत गेली आणि बाहेर आलीच नाही. टेविटा आणि आल्फी आत गेले.

बारा कुंड्यांत रुंद, सपाट, हिरवी पानं. आणि दोन कुंड्यांत, जिथे आल्फीने भलामोठा चार काढला होता, तिथे मधलं पान द्रोणासारखं आत वळलेलं आणि शेंडा पिळवटलेला. दोन्हींत! आठच्या आठ रोपं!

"फक्त चौथा!" टेविटा कुजबुजला.

"म्हणजे बार्बांची वाळलेली झाडं नाहीत," हेटी म्हणाली. "ती त्यांनी सगळ्याच कप्प्यांत टाकली होती. चौथ्यात आणखी काहीतरी आहे."

तिघंही दाताळी घेऊन धावत बागेत गेले. चौथा ढीग त्यांनी थराथराने उकरला. अंड्यांची टरफलं, आंब्याची कोय, कोणाचा तरी हरवलेला चमचा. मग खाली, बुडाशी, पिवळ्या गवताच्या बारीक काड्या. आणि एक नारिंगी प्लास्टिकची सुतळी. मग आणखी एक.

"सुतळी कोणी खतात टाकतं का?" आल्फी म्हणाला.

टेविटाने ती ओढून बघितली. "माझे मामा गवत कापायची कामं घेतात. वाळक्या गवताचे गठ्ठे असतात ना, त्यांना बांधायची सुतळी आहे ही. पण गवत तर..." त्याने काड्या चोळल्या, वास घेतला. "हे अर्धं खाल्लेलं आहे. लीद आहे ही! घोड्याची!"

"आपल्या बागेत घोडा कोणाकडे आहे?"

उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. ग्लेन आपली गाडी धूत फाटकाशी उभा होता. हेटीला त्याचा ट्रेलर आठवला आणि ती सरळ त्याच्याकडे गेली.

"ग्लेन, तुमच्याकडे घोडे आहेत का हो? आल्फीला बघायचेत."

आल्फीला हे आत्ताच कळलं होतं, पण त्याने जोरात मान हलवली.

"माझ्याकडे नाहीत, माझ्या बहिणीकडे आहेत की! सात!" ग्लेन खूश झाला. "शेरिलकडे. ओढ्याच्या सायकलवाटेने सरळ वर जा, वाट संपते तिथे हिरवं फाटक. सांग तिला, ग्लेननं पाठवलंय. गाजरं न्या!"

शनिवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, तीन सायकली निघाल्या. अकरा किलोमीटर. आल्फीला नवव्या किलोमीटरला घोडे मुळीच बघायचे नव्हते. दहाव्याला त्याने एक गाजर खाल्लं. अकराव्याला हिरवं फाटक आलं.

शेरिल ग्लेनसारखीच मोठ्या आवाजाची आणि मोकळी बाई होती. तिने आल्फीला एका म्हाताऱ्या घोडीवर बसवलं. शेरिलचं कुरण गालिच्यासारखं होतं, नुसतं गवत. रुंद पानाचं एकही झाड दिसेना.

"काटेरी झुडपं नाहीत एकही!" हेटी म्हणाली.

"होती ना! माजली होती नुसती! गेल्या एप्रिलात औषध मारलं. गवत राहिलं, बाकी सगळं साफ!"

गवत राहिलं, बाकी सगळं साफ. हेटीला बागेतला झकास मका आठवला. मका म्हणजे शेवटी गवताच्याच घरातला.

"आणि ग्लेननं इथली लीद नेली होती?"

"जूनमध्ये. दोन ट्रेलर भरून. म्हणाला, बागेतला म्हातारा गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलाय, तोवर ढिगाला जरा ताकद आणतो."

"त्या औषधाचा डबा बघू का?"

शेरिलने तबेल्यातून डबा आणला. हेटीने समोरचं मोठं अक्षर सोडून दिलं आणि डबा मागच्या बाजूला फिरवला. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत पंचवीस ओळी होत्या. अठरावी तिने वाचली, आणि मग वहीत अक्षर न् अक्षर उतरवून घेतली.

"एवढं बारीक कोण वाचतं गं?" शेरिल हसून म्हणाली.

परत आल्यावर हेटी आधी बार्बांच्या घरी गेली. बार्बांनी सगळं ऐकून घेतलं. चौथ्या कुंडीतलं एक पान दोन बोटांत धरून उन्हात बघितलं. 

"उद्या सभेत मी सांगते सगळ्यांना, की ग्लेननंच..." हेटी म्हणाली.

"तू कुंड्या दाखव. जे लिहून आणलंस ते दाखव. त्याचं नाव तू घेऊ नकोस."

"का? त्यानं नाही तुमचं घेतलं?"

"घेतलं. तेव्हा मला कसं वाटलं ते तू बघितलंस." बार्बांनी पान परत तिच्या वहीत ठेवलं. "त्याला स्वतःला बोलायला जागा ठेव."

रविवारी सभेला पन्नासेक माणसं होती. बार्बा मागच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले. ग्लेन उभा राहिला आणि फरशीचं माप सांगायला लागला. तो श्वास घ्यायला थांबला तेवढ्यात हेटीने हात वर केला.

"आम्हाला पाच मिनिटं हवीत."

"बोल बाळ," लोरेन म्हणाल्या.

तिघांनी चौदा कुंड्या टेबलावर मांडल्या. हेटीने कोणतं खत कुठलं, निम्मी माती का, दुकानातल्या मातीच्या दोन कुंड्या कशाला, सगळं सांगितलं. एक खेप कशी वाया गेली तेही सांगितलं. तेव्हा आल्फीने टेबलाखाली बघितलं. लोक खुर्च्यांवरून उठून पुढे आले. कोणाला काही समजावून द्यावं लागलं नाही. बारा कुंड्या सरळ होत्या आणि दोन वाकड्या.

"नुसता चौथा!" कोणीतरी म्हणालं. "तोच ढीग सगळ्यांत मोठा होता, आम्ही त्यातलंच भरून नेलं! मग बाकीचं खत चांगलंच आहे की!"

"पण चौथ्यात होतं काय?" लोरेननी विचारलं.

हेटीने वहीचं पान उघडलं. तिची नजर बार्बांवर गेली. मग ती ग्लेनकडे वळली.

"ग्लेन, तुमचा आवाज मोठा आहे. मागच्यांना ऐकू जाईल. वाचाल का? कुरणावर मारायच्या एका तणनाशकाच्या डब्यावरून उतरवून घेतलंय."

ग्लेनने वही घेतली आणि आपल्या दणदणीत आवाजात सुरुवात केली.

"'हे औषध मारलेल्या कुरणात चरणाऱ्या जनावरांच्या पोटातून ते जसंच्या तसं बाहेर पडतं. अशी लीद किंवा शेण भाजीपाल्याच्या खतात घालू नये. टोमॅटो, बटाटा, घेवडा ह्यांची पानं...'"

आवाज बारीक झाला. मग थांबला. त्याने मान वर करून दोन वाकड्या कुंड्यांकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि पुढचं वाक्य काय असेल ते तिघं मुलं आणि बार्बा सोडून कोणालाच माहीत नव्हतं.

"जूनमध्ये," ग्लेन म्हणाला. "दोन ट्रेलर. चौथ्या कप्प्यात. मीच आणून ओतले." त्याने वही टेबलावर ठेवली. "मला वाटलं, घोड्याची लीद म्हणजे चांगलीच. विचारलं नाही मी कोणाला. बार्बांना तर नंतरही सांगितलं नाही. आणि वर... जे बोललो ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

मागच्या रांगेतली खुर्ची सरकली. बार्बा उठले, हळूहळू पुढे आले आणि ग्लेनच्या शेजारी उभे राहिले.

"फरशीची मापं चांगली घेतलीस," ते म्हणाले. "पाच कप्पे राहतील. चौथ्याभोवती कुंपण घाल. दोन वर्षं हात लावायचा नाही त्याला, मरेल आपोआप ते औषध. आणि ज्यांचे वाफे बिघडले त्यांनी ह्या वर्षी मका लावा. अजून वेळ आहे."

"ट्रेलर आहे माझा," ग्लेन पुटपुटला. "कुंपणाचं सामान आणतो."

"आण. आणि पुढच्या वेळी काही आणशील तर आधी मला दाखव."

"ह्या पोरीलाच दाखवतो," ग्लेन म्हणाला, आणि लोक हसले.

लोरेननी फलकावरचा कागद काढून चुरगळला. "एकतीस वाफ्यांचे एकतीस शहाणे आम्ही," त्या म्हणाल्या, "आणि घेवड्याचं बी मातीत घालून बघायचं एकालाही सुचलं नाही. शाबास रे पोरांनो! आणि आल्फी, आकडे फार सुरेख काढलेस."

"सहा जरा मोठा झाला," आल्फी म्हणाला.

बार्बांनी सळई आणली होती. ती त्यांनी हेटीच्या हातात दिली आणि पाचव्या कप्प्याकडे बोट दाखवलं. तिने खुपसली, ओढली, हात लावला. चटका बसला. "काम चाललंय," ती म्हणाली. बार्बांनी मान डोलावली. एवढंच. पण त्यांची खुर्ची पुन्हा आपल्या जागेवर उघडली गेली होती.

मग चहा झाला, पालकाचे समोसे म्हणावेत अशा ग्रीक पुऱ्या झाल्या. ग्लेन हेटीजवळ येऊन बसला.

"शेरिलला फोन केला मी आत्ता," तो म्हणाला. "तिला कुठे ठाऊक होतं! ती तर ती लीद पोत्यांत भरून रस्त्यावरच्या फाटकाशी ठेवते. 'फुकट न्या' अशी पाटी लावून. ह्या आठवड्यात नऊ पोती गेली म्हणे. आता ती दोन दिवस बाहेरगावी आहे, आल्यावर काढेल."

हेटीचा घास हातातच राहिला.

"आत्ता किती आहेत तिथे?"

"असतील पाचसहा."

तिने ताटली खाली ठेवली. खोक्याचा एक मोठा पुठ्ठा फाडला, आल्फीकडून रंग आणि कुंचला मागून घेतला, आणि मुंगीएवढ्या अक्षरांतली ती अठरावी ओळ बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहून काढली. रंग वाळायला तिने वेळ दिला नाही. पुठ्ठा टेविटाच्या पाठीला दोरीने बांधला, आणि ती आणि टेविटा सायकलींवर बसून ओढ्याच्या वाटेने वर निघाले.